दहावीचा निकाल लागायच्या आधी कागद गोळा करा, आणि शाळांनीही ते वेळेत सांगावं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत क्लार्क आहे. वार्षिक परीक्षा संपल्या, १ मेला निकाल वाटप होईल, २ तारखेपासून पोरांना सुट्टी. आम्हा शिक्षकेतर लोकांना उन्हाळी सुट्टी नसते, त्यामुळे मे-जूनमध्ये शाळेच्या ऑफिसला कोण येतं, काय मागतं आणि कशापायी रडकुंडीला येऊन परत जातं ते दरवर्षी समोर बघते म्हणून हे पत्र. तुमचा पेपर आमच्या तालुक्यात खेड्यापाड्यात वाचला जातो, चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवला जातो, म्हणून जरा लांब झालं तरी छापा ही विनंती.

सगळ्यात पहिलं सांगते ते उत्पन्नाच्या दाखल्याचं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणजे कुणी हुशारीनं जानेवारी-फेब्रुवारीत काढून ठेवला असेल तर तो जूनमधल्या अ‍ॅडमिशनला आणि शिष्यवृत्तीला चालत नाही, नवीन काढावा लागतो. EWS हे इंग्रजी नाव ज्याला आहे त्या आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच, तो पण त्या-त्या आर्थिक वर्षापुरताच. मग जूनमध्ये अख्खा तालुका एकदमच सेतूवर जातो, सर्व्हर चालत नाही, तलाठी सापडत नाही, आणि लोकसेवा हक्क कायद्यात १५ दिवसांची मुदत दिलेली असली तरी अ‍ॅडमिशनची तारीख काही १५ दिवस थांबत नाही. म्हणून एप्रिल-मे हाच टाइम आहे. आत्ता सेतूवर गर्दी नाही, आत्ताच जा, रेशन कार्ड, आधार आणि तलाठ्याचा अहवाल घेऊन अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा.

पण हे एवढं साधं सांगणंच पोचत नाही ना लोकांपर्यंत. आमच्याकडची अर्धी घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कोयते, म्हणजे ऊसतोडीला गेलेली जोडपी, परत येतात ती मार्च-एप्रिलला. लेकरू आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात असतं. शाळेचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो त्यात बापाचा नंबर असतो, बाप फडात असतो, रेंज नसते, रिचार्ज संपलेला असतो, आणि ग्रुपवर आलेली पीडीएफ उघडली तरी तिच्यात "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की" असली भाषा. ती भाषा आम्हाला वाचायची सवय आहे, त्या माउलीला नाही. शाळा म्हणते आम्ही कळवलं होतं, आणि कळवलं होतंच, पण कळलं का हे कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे नाव, जी जन्मतारीख, जे आईचं नाव, तेच बोर्डाच्या फॉर्मवर जातं आणि तेच पुढे दाखल्यावर आणि मार्कशीटवर येतं आणि मग जन्मभर तेच. पोरगं शाळेत असेपर्यंत पुरावे जोडून मुख्याध्यापकामार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवता येतो. एकदा शाळा सोडल्याचा दाखला निघाला की तो रस्ता फार अरुंद होतो, उघड दिसणारी लेखनाची चूक असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर हेलपाटेच. ज्ञानेश्वर नावाचं पोरगं असतं, आधारवर स्पेलिंग जी-वाय नं सुरू होतं आणि शाळेत डी-एन-वाय नं, मग अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, निघत नाही, आधार व्हॅलिडेट होत नाही, आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकतो. आडनावाचंही असंच, आजोबांच्या कागदावर एक आणि नातवाच्या आधारवर दुसरंच. हे सगळं नववीच्या सुट्टीत बघायचं काम आहे. बोर्डाचे फॉर्म दिवाळीच्या आसपास ऑनलाइन भरले जातात, मग प्रीलिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते, तिच्यावर विद्यार्थ्याची सही घेतात, आणि पोरं न वाचता सही करतात. नववीच्या पालकांना हात जोडून सांगते, १ मेला निकाल घ्यायला याल तेव्हा पाच मिनिटं ऑफिसात या, रजिस्टरमधली तुमच्या लेकराची ओळ स्वतः डोळ्यांनी बघा, आधार कार्डाशेजारी धरून बघा. वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला लावा. कुठल्याही शाळेनं याला नाही म्हणू नये.

नववीवाल्यांनी अजून एक बघा, पोरानं चित्रकलेची इंटरमिजिएट दिली असेल तर ते सर्टिफिकेट कुठं आहे ते शोधून ठेवा. ए ग्रेडला ७, बी ला ५ आणि सी ला ३ मार्क दहावीत वाढून मिळतात, पण प्रस्ताव शाळेकडून वेळेत जावा लागतो, निकालानंतर सर्टिफिकेट घेऊन आलात तर काहीच करता येत नाही. खेळाचंही तसंच.

आठवीबद्दल गावात अजून जुनीच समजूत आहे की आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत. आता तसं राहिलेलं नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, तिच्यात कमी पडलं तर पुन्हा परीक्षा होते आणि तिच्यातही राहिलं तर पोरगं त्याच वर्गात बसतं. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेलं लेकरू मार्चमध्ये परत येतं आणि थेट परीक्षेलाच बसतं, त्याच्यासाठी ही फेरपरीक्षा फार मोलाची आहे. तिची तारीख शाळेतून लिहून घ्या आणि त्या काळात मामाच्या गावाला पाठवू नका.

आता दहावी. निकाल मे महिन्यात कधीही लागू शकतो, २०२५ ला १३ मेला लागला होता, राज्याचा ९४.१० टक्के. पास झालेल्यांचे पेढे वाटले जातात, फोटो येतात, चांगलं आहे, त्यांनी मेहनत केलीय. पण जी पोरं राहतात ती शाळेकडे फिरकतच नाहीत, लाजेनं, आणि त्यांच्यासाठीच्या तारखा सगळ्यात आधी निघून जातात. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते, फॉर्म निकालानंतर लगेच शाळेमार्फतच भरायचा असतो. आणि ज्याचे एक किंवा दोनच विषय राहिलेत त्याला एटीकेटीनं अकरावीला प्रवेश घेता येतो, वर्ष वाया जात नाही. हे न कळल्यामुळं चांगली पोरं कोयता घेऊन निघून गेलेली मी बघितलीत. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्याच्या घरी हार घेऊन जाता तसंच राहिलेल्या प्रत्येक लेकराच्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी जाऊन यावं, हातात पुरवणीचा फॉर्म घेऊन. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली येतो, निकालाच्या वेळी मंडळ समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं, ते नंबरही शाळेच्या फाटकावर लावा, पोरगं तोंडानं विचारणार नाही पण वाचेल.

मार्क कमी आल्यासारखे वाटले तर गुणपडताळणीला विषयाला ५० रुपये, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स कॉपी ४०० रुपये आणि पुनर्मूल्यांकन ३०० रुपये असं धरून चाला, पुनर्मूल्यांकन करायचं तर आधी झेरॉक्स कॉपी घ्यावीच लागते. गरिबाला हा खर्च मोठा आहे, त्यामुळे विषयाच्या सरांना आधी विचारून मगच अर्ज करा.

अकरावीचं मात्र नीट ऐका कारण आपल्याकडं ते नवीन आहे. आधी ऑनलाइन अकरावी म्हणजे मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढंच, आपण कॉलेजात जायचो, फॉर्म आणायचो, भरून द्यायचो. २०२५ पासून अख्ख्या राज्याला एकच पद्धत केली. पहिल्या दिवशी साइटच बंद पडली, नोंदणी पुढं ढकलावी लागली, आणि आमच्या गावातली पोरं मोटारसायकलवर तालुक्याला जाऊन नेटकॅफेच्या बाहेर बसून होती. अर्जाचे दोन भाग असतात, पहिल्यात वैयक्तिक माहिती, दुसऱ्यात कॉलेजांची पसंती, जास्तीत जास्त दहा. आता अडचण कुठं होते बघा. नेटकॅफेवाल्याला घाई असते, तो भराभर दहा कॉलेजं टाकून देतो, मोबाईल नंबर पण स्वतःचाच टाकतो कारण ओटीपी लगेच येतो, आणि मग कुठल्या फेरीत नंबर लागला ते घरी कळतच नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर पोरगं पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतं. म्हणून जिथं खरोखर जायचंय, एसटी जाते, पोरीला संध्याकाळी घरी परत येता येतं, तेच कॉलेज एक नंबरला टाका. नंबर घरातलाच द्या, लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आणि शाळेला जोडून ज्युनियर कॉलेज असेल तर त्याच संस्थेच्या पोरांना १० टक्के इनहाउस कोटा असतो, तेही विचारा.

एक गोष्ट मी कुठल्याच नोटिशीत लिहिलेली बघितली नाही, ती एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची. आठवीला ही परीक्षा पास झालेल्या पोरांना नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, आमच्याकडच्या घराला ही रक्कम मोठी आहे. पण ती शासकीय किंवा अनुदानित शाळेत शिकतानाच मिळते. पोरगं दहावीनंतर विनाअनुदानित कॉलेजात गेलं की बंद. पुढं चालू ठेवायला दहावीत ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट. आणि दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावंच लागतं, एकदा लागली म्हणजे आपोआप येत राहील असं नाही. कॉलेज निवडायच्या आधी हा हिशोब मांडायला पाहिजे आणि तो मांडून दाखवायचं काम शाळेचं आहे.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकाच ठिकाणी जमा होतो, तेव्हा अकरावी, आयटीआय की पॉलिटेक्निक हे घरात आधी ठरवा, मगच मूळ कागद हातातून सोडा. झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. हरवला तर दुसरी प्रत मिळते पण प्रतिज्ञापत्रापासून सगळं करावं लागतं. सायन्सला जाणाऱ्यांनी जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवावा, पडताळणीचा अर्ज पुढं कॉलेजकडून जातो आणि त्याला आजोबा-पणजोबांचे कागद लागतात, ते शोधायला उन्हाळ्याची सुट्टीच बरी.

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना हात जड होतो. मे महिन्यात काही बाप नववीतल्या, दहावीतल्या पोरीचा दाखला मागायला येतात. दुसऱ्या गावी शाळेत घालायचंय म्हणतात. काहींचं खरं असतं. काहींच्या घरी मांडव असतो. ऊसतोडीला जायचं, तरणी पोर एकटी कुठं ठेवायची ही त्यांची भीती मला समजते, मी त्याच गावात राहते. तरी सांगते, १८ वर्षांच्या आत लग्न हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा नंबर फुकट आहे, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. पोरीला अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तो आता शाळेतच देतात, वसतिगृहं आहेत, वाटा आहेत. शाळांनी वर्षाच्या शेवटच्या सूचनांमध्ये बूट, वह्या, गणवेश याच्याबरोबर १०९८ हा नंबरही छापावा. नोटीस पोरीच्याच हातात जाते, ती घरी जाताना वाटेत वाचते.

माझं मागणं शाळांकडं, शिक्षणाधिकाऱ्यांकडं आणि तहसीलदारांकडं आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पालकसभा घ्यावी, कोयते परत आलेले असतात तेव्हाच, आणि ती संध्याकाळी घ्यावी, दुपारी नाही, कारण दुपारी माणूस रोजगारावर असतो. त्या सभेत एकच कागद वाटावा, एका पानाचा, मोठ्या अक्षरात, घरात बोलतो त्या मराठीत, आणि तो सरांनी मोठ्यानं वाचून दाखवावा. त्याच दिवशी तहसीलनं तलाठी आणि सेतूचा माणूस शाळेत बसवावा आणि उत्पन्नाचे अर्ज तिथंच भरून घ्यावेत. दाखल्यांची शिबिरं सरकार घेतच असतं, ती जूनऐवजी एप्रिलमध्ये आणि तहसीलऐवजी शाळेत घ्या एवढंच म्हणणं आहे. आमच्यासारखे क्लार्क या कामाला सुट्टीच्या दिवशीही थांबतील, मी माझ्यापुरतं तरी खात्रीनं सांगते.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडंही एक मागणं आहे. निकालाच्या दिवशी गुणवंतांच्या फोटोंना तुम्ही पानंच्या पानं देता. त्याच्या आधी, एप्रिलच्या शेवटी, रोज एक छोटी चौकट द्या, एका दिवशी उत्पन्नाचा दाखला, एका दिवशी अकरावीचा अर्ज, एका दिवशी पुरवणी परीक्षा. मजकूर पाहिजे असेल तर मी लिहून पाठवीन.

आपली नम्र,
एका माध्यमिक शाळेतील लिपिक, जि. बीड
(नाव आणि शाळेचं नाव छापू नये ही विनंती)