आठव्या महिन्याचं ते वाक्य मागे घ्या

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला गर्भाच्या महिन्यामहिन्याच्या वाढीचा लेख वाचला. आयुर्वेदात सगळं आधीच सांगून ठेवलंय आणि मॉडर्न मेडिसिन आत्ता कुठे तिथे पोचतंय असा एकूण सूर, तो एक वेळ सोडून दिला असता, पण आठव्या महिन्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून रात्रभर डोक्यात तेच. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे आयुर्वेदातली शरीराची जीवनशक्ती, अस्थिर असतं, आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे ये-जा करतं, म्हणून तेव्हा जन्मलेलं मूल जगत नाही, आणि वर "हे आता विज्ञानालाही मान्य आहे". कुठल्या विज्ञानाला मान्य आहे ते लेखिकाबाईंनी सांगावं.

माझी मुलगी आठव्या महिन्यात झाली. ती काचेच्या पेटीत, मी वरच्या मजल्यावर टाके सांभाळत दूध काढून खाली पाठवतेय, आणि सासरची मोठी माणसं बाहेरच्या बाकावर बसून म्हणतायत, सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही जगत. मला ऐकू येत होतं. पाचवी पुजायची गोष्ट निघाली तर चुलतसासूबाई म्हणाल्या, राहू दे, घाई काय आहे. त्या घाई काय आहेचा अर्थ मला कळत नव्हता असं त्यांना वाटलं की काय देव जाणे. नाव ठेवायचं नाही, कुणाला कळवायचं नाही, मला जवळ घेऊन सांगतात काय तर फार जीव लावू नकोस. आईला सांगतायत हे! त्या वाईट नव्हत्या, त्यांनी हे कुणाकडून तरी ऐकलेलं होतं, आणि आता तुम्ही ते छापून हजारो घरांत पोचवलंत, म्हणून राग आलाय.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की सातव्यापेक्षा आठव्यातलं मूल जगण्याची शक्यता जास्तच असते, पोटात जितके आठवडे जास्त तितकं बरं. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या श्वास सोडताना चिकटून मिटू नयेत म्हणून सर्फॅक्टंट नावाचा एक पदार्थ लागतो, तो शेवटच्या महिन्यांत वाढत जातो, अडचण असते ती त्याची. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई या दोघा डॉक्टरांनी दाखवून दिलं की वेळेआधी प्रसूती होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याने बाळाचा श्वासाचा त्रास कमी होतो. मलाही ते दिलं होतं. मुलगी आज कॉलेजात आहे. आणि सातवं-आठवं ही समजूत काही फक्त आपली नाही, जुन्या ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही ती आहे, म्हणजे जगभर लोक असं मानत होते एवढंच त्यातून कळतं, ते खरं होतं असं नाही.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही हो, उलट मुलीनंतर मी चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतलं शारीरस्थान, म्हणजे शरीर आणि गर्भाबद्दलचा भाग, मराठी भाषांतरात मुद्दाम वाचलं, म्हणून लेखातली दुसरी गोष्ट जास्त लागली. "आपल्या ऋषींनी हृदय आधी तयार होतं हे ओळखलं होतं" असं लिहिलंय. सुश्रुतात ते मत एकट्या कृतवीर्य नावाच्या आचार्याचं आहे. शौनक म्हणतो डोकं आधी, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय, आणि हे सगळे ऐकून घेऊन धन्वंतरी म्हणतात यातलं एकही बरोबर नाही, सगळी अंगं एकदमच होतात, पण कोवळ्या आंब्यात जशी कोय, गर, केसर वेगवेगळे दिसत नाहीत तसे सूक्ष्म असल्याने आपल्याला दिसत नाहीत. म्हणजे ग्रंथानेच खोडून काढलेलं मत लेखात ग्रंथाचं म्हणून छापलंय! ज्या काळात मायक्रोस्कोप नाही त्या काळात दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे हे म्हणणारा माणूस केवढा मोठा, त्याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. धन्वंतरींचं उत्तरही आजच्या माहितीशी तंतोतंत जुळत नाही, अवयव टप्प्याटप्प्याने घडत जातात, पण त्याने त्यांचं मोठेपण कमी होत नाही.

आणि पहिल्या महिन्यात नुसता कलल, म्हणजे बुळबुळीत गोळा, असतो, काळजीचं काही नाही, हे वाक्य तर धोक्याचं आहे. गर्भधारणेपासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हृदयाचे ठोके सुरू होतात, मेंदू आणि मणका ज्यातून होतो ती नळी २८ दिवसांच्या आसपास मिटते, तोवर कित्येक बायकांना दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं. म्हणून तर फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम दिवस राहायच्या आधीपासून घ्या म्हणतात. हे लिहायला चार ओळी लागल्या असत्या.

आता लिहितेच आहे तर अजून एक. उजव्या अंगाची लक्षणं दिसली तर मुलगा, डाव्या अंगाची दिसली तर मुलगी, ही चौकट कशाला छापली? आणि बरोबर त्याच्याखाली "इच्छित अपत्यप्राप्ती"ची जाहिरात. गर्भलिंग निवडीच्या जाहिरातीला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे हे तुमच्या जाहिरात विभागाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून एक्स गुणसूत्र येतं की वाय त्यावर ठरतं, उजव्या-डाव्यावर नाही. याबद्दल मी पूर्वीही एक पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही.

माझं पत्र छापताना जागा कमी पडली तर हृदयाचा भाग कापा, पण आठव्या महिन्याचा खुलासा त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यायला हवा. आज एखादी बाई आठव्या महिन्यात दवाखान्यात असेल आणि बाहेर बाकावर तिच्या घरचे तुमची पुरवणी वाचत बसले असतील.

आपली,
एक नियमित वाचक