तळाला हात न लावता

नाशिक,
१२ जुलै

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘समुद्राच्या तळाशी नुसता कॅमेरा सोडायचा, त्याला परवानगी कशाला?’ असं तू विचारलंस. अरे, नुसता कॅमेरा तिथे जातच नाही. हर्क्युलिससारखा रोव्ह, म्हणजे जहाजावरून चालवायचा बिनमाणसांचा पाणबुडा यंत्रमानव, हे अडीच टनांचं धूड.

डेव्हिडसन सीमाउंटचंच घे. कॅलिफोर्नियाजवळचा हा बुडालेला ज्वालामुखी मॉन्टरे बेच्या संरक्षित क्षेत्रात येतो. २०१८ मध्ये त्याच्या पायथ्याजवळ, ३,२०० मीटरवर, ऑक्टोपसच्या माद्यांची वसाहत सापडली. आपल्या साल्हेरवर दुसरा साल्हेर रचला तरी माथा पाण्याखालीच राहील. मिनिटाला तीस मीटरनं उतरलं तरी पावणेदोन तास लागतात.

आधी जहाजावरच्या सोनारनं, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून, तळाचा नकाशा करतात. मग जाड केबलला आर्गस नावाचा दुसरा रोव्ह आणि त्याच्यापासून सैल दोरावर हर्क्युलिस. लाटांनी जहाज वरखाली झालं की हिसका आर्गस खातो, हर्क्युलिस स्थिर राहतो. दोर मात्र खडकात अडकू शकतो, म्हणून एकाचं लक्ष कायम दोरावर हवं.

खरी गोम वजनात आहे. काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे राळेत बसवलेला फोम लावून रोव्ह पाण्यात किंचित हलका ठेवतात. जड असेल तर तरंगत राहायला पंख्यांनी पाणी खाली फेकावं लागतं, गाळ उसळतो आणि समोरचं काही दिसत नाही. शिवाय तो गाळ प्रवाळांवर, स्पंजांवर बसतो. हलका असला की पंखे पाणी वर फेकतात. टेकायचंच झालं तर प्रवाहाकडे तोंड करून, म्हणजे उडालेला गाळ मागे वाहून जातो.

माप घ्यायलाही स्पर्श लागत नाही. दहा सेंटिमीटर अंतरावरचे दोन लेझर ठिपके शेजारी पाडले की पुरे.

तापमानाची सळई मात्र घरट्यापाशी न्यावीच लागते. माद्या उलट्या होऊन, हात वर दुमडून, चोषके बाहेर काढून अंडी झाकून बसलेल्या असतात. भोवतालचं पाणी १.६ अंश, पण कपारीतून झिरपणारं पाणी काही ठिकाणी १० अंशांपर्यंत. त्या उबेमुळे दोन वर्षांच्या आत पिल्लं बाहेर येतात. एरवी एवढ्या थंडीत पाच-आठ वर्षं लागली असती. मादी या काळात काही खात नाही, आणि पिल्लं निघाली की मरते. सळईचा एक धक्का, अंडी निसटली, तर तिला दुसरी संधीच नाही.

परवानगी मागतात ती या धक्क्यासाठी रे.

तुझा,
मिलिंद