गेटपासच्या आधी करारपत्र

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

निकाल लागले की बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) फाटकांपाशी सकाळी सातलाच फायली घेतलेली मुले दिसू लागतात. दांडिया बाजार, सुलतानपुरा, मांजलपूरकडची आपली मराठी मुलेही त्यांत पुष्कळ असतात. जागा थोड्या आणि उमेदवार भरमसाट, म्हणून 'मिळेल ते घे, पुढचं पुढे बघू' असे घरचेच सांगतात. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. मिळेल ते जरूर घ्यावे, पण ज्याची नोंद कुठेच होत नाही ते घेऊ नये. पुढच्या मुलाखतीत नोंद नसलेली तीन वर्षे कुणी धरत नाही, नोंद असलेले एक वर्ष धरतात.

मोठा घोळ आहे तो 'अप्रेंटिस' आणि 'ट्रेनी' या दोन शब्दांचा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ज्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेला तो अप्रेंटिस. आयटीआयवाल्यांसाठी 'अप्रेंटिसशिप इंडिया' हे पोर्टल, डिप्लोमा आणि पदवीधरांसाठी 'नॅट्स'. तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, तेव्हा कंपनी उपकार करते आहे असे समजून मुलांनी गप्प बसायचे कारण नाही. 'ट्रेनी' हे मात्र कंपनीने आपल्या सोयीने दिलेले नाव. दोन वर्षे ट्रेनी म्हणून लेथवर उभा राहिलेला मुलगा निघताना लेटरहेडवरच्या चार ओळी घेऊन येतो. अप्रेंटिसच्या अखिल भारतीय परीक्षेला बसायला गेला की यादीत नाव नसते, कारण करारच झालेला नसतो. 'मागच्या तारखेने करून देऊ' या आश्वासनावर विसंबू नये.

रुजू होताना करारावर ट्रेडचे (फिटर, टर्नर अशा कामाच्या शाखेचे) नाव, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि विद्यावेतनाचा आकडा वाचावा. फिटर झालेल्या मुलाचा करार भलत्याच ट्रेडमध्ये नोंदला गेला तर प्रमाणपत्रही त्याच ट्रेडचे येते आणि मग दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. करार क्रमांक आपल्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसला पाहिजे. 'एचआरमध्ये प्रोसेस चालू आहे' हे उत्तर पहिल्या आठवड्यात ठीक. महिना उलटल्यावर तेच ऐकू आले तर लेखी विचारावे. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याचे किमान मासिक विद्यावेतन ७,०००, डिप्लोमाचे ८,००० आणि पदवीधराचे ९,००० रुपये ठरले, दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने सर्वांत खालच्या गटापासून पदवीधरापर्यंतची ५,००० ते ९,००० ही श्रेणी ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली, म्हणून चालू आकडा पोर्टलवर पाहूनच सही करावी. अप्रेंटिसला पीएफ कापत नाहीत. त्यात फसवणूक नाही, कायदाच तसा आहे.

या कागदाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपकडे पाहावे. पश्चिम रेल्वेची अप्रेंटिस भरती निघते तेव्हा त्यात वडोदरा विभाग आणि प्रतापनगर वर्कशॉप असतात. लेखी परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण करून राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलेल्यांना पुढे लेव्हल-१ च्या (सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात. नोकरीची ही हमी नव्हे, पण रांग पुष्कळ लहान होते.

आता नावांचा घोळ. तो खास आपला, बडोद्याच्या मराठी घरांतला. शाळेच्या गुणपत्रिकेवर गुजराती रिवाजाप्रमाणे आडनाव आधी, आधारवर शेवटी. एका कागदावर वडील 'सुनीलभाई', दुसऱ्यावर 'सुनीलराव', तिसऱ्यावर नुसते 'सुनील'. जाधवांचा लिहिणाऱ्याच्या सवयीने कुठे तरी 'जादव' झालेला, आणि इंग्रजीत त्याची दोन-तीन स्पेलिंगे. घरात हे कुणाला खटकत नाही, पोर्टलला खटकते. आधारशी नाव जुळले नाही की ई-केवायसी अडते, आणि नवा पीएफ नंबर काढायची वेळ आली की पुन्हा तीच अडचण. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधी आधार, मग पॅन, मग बँक या क्रमाने सगळीकडे एकच नाव करून घ्यावे. क्रम उलटा केला तर दोनदा हेलपाटे. जन्मतारीखही याच वेळी तपासावी. आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा आणि तो मुलाचा स्वतःचा हवा. काकांच्या फोनवर येणारा ओटीपी नेमका काका नाशिकला गेलेले असताना लागतो. हे काम निकालाची वाट पाहत बसलेल्या दिवसांत उरकता येते. जागा निघाल्यावर धावपळ केली तर मुदत हुकते.

गेटवरच्या चाचणीत मुले कुठे अडतात तेही सांगतो. हातात एक बुश (नळीसारखा पोकळ धातूचा तुकडा) आणि साधे व्हर्नियर कॅलिपर देतात, आतला व्यास मोजायला सांगतात. मुख्य पट्टीवर २४, आणि सरकत्या पट्टीची सतरावी रेघ वरच्या रेघेशी जुळलेली. लघुतम माप ०.०२, म्हणून १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, उत्तर २४.३४ मि.मी. डिजिटल कॅलिपरवरच हात बसलेला मुलगा इथे घुटमळतो. दुसरा झटकन आकडा सांगतो, पण आधी जबडे मिटवून शून्य जुळते का हे पाहत नाही. सुपरवायझर नेमके तेच पाहत असतो. आतल्या व्यासाला वरचे लहान जबडे वापरायचे, हे विसरणारेही निघतात. शंभरेक वेळा हाताने मोजले की हे अंगवळणी पडते, आणि जुने कॅलिपर कुणा ना कुणाच्या घरी असतेच.

बी.कॉम. झालेल्यांचे दुखणे वेगळे. 'टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) येते' असे सगळेच लिहितात. सी.ए.च्या कचेरीत विचारतात ते असे: जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) कधी भरायचा, ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) कधी, टीडीएस (आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर) कोणत्या तारखेपर्यंत. दरमहा भरणाऱ्यांसाठी अनुक्रमे ११, २० आणि ७ तारीख. २बी, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचा पोर्टलवर आपोआप येणारा तक्ता, साधारण १४ तारखेला तयार होतो. तो खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहायचा आणि जे बिल २बीमध्ये नाही त्याची वेगळी यादी करायची. एवढे एक्सेलमध्ये करून दाखवणारा मुलगा नुसते प्रमाणपत्र पुढे करणाऱ्याच्या आधी घेतला जातो.

कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली लागायचे असेल तर पगाराच्या आकड्याइतकेच पीएफ आणि ईएसआयकडे (कामगार विम्याकडे) पाहावे. पीएफ बारा टक्के कापला जातो, ईएसआय पाऊण टक्का. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवा. उमंग ॲपवर पासबुक उघडून पाहावे. स्लिपवर कपात आणि पासबुकात काहीच नाही असे सलग दोन महिने दिसले तर कॉन्ट्रॅक्टर पैसे भरत नाही असे समजून पीएफ कचेरीत तक्रार करावी. नोकरी बदलताना जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) सांगावा, नवा काढू देऊ नये. जुन्या ठिकाणाने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला टाकता येते. कंपन्या आता अनुभव याच नोंदीत तपासतात, त्यामुळे विकत घेतलेला अनुभवाचा दाखला तिथेच उघडा पडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्रही बंधनकारक केले आहे, ते मागताना संकोच कसला?

लांबच्या जागेचा हिशेबही आधी मांडावा. सावली किंवा हालोलकडे कंपनीची बस नसेल आणि जाऊन-येऊन साठ किलोमीटर होत असतील, तर पन्नासचे ॲव्हरेज देणारी बाइकही रोज सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. सव्वीस दिवसांचे एकतीस लिटर. लिटरला पंचाण्णव रुपये धरले तर तीन हजार गेले. सावलीचे बारा हजार आणि मकरपुऱ्याचे दहा हजार यांत मांजलपूरच्या मुलाला दहा हजारच बरे.

नोकरी देतो म्हणून गेटपास, युनिफॉर्म किंवा मेडिकलचे पैसे यूपीआयवर मागणारा माणूस ठग समजावा, मग त्याने पाठवलेल्या पत्रावर केवढ्याही कारखान्याचे बोधचिन्ह असो. अप्रेंटिस पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. रेल्वेसारख्या भरतीत अर्जाचे शुल्क असते, पण ते त्यांच्याच संकेतस्थळावर भरायचे असते, कुणाच्या खात्यात नाही. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढून हाताच्या कामाला शाळा दिली. त्याच शहरातल्या घरांत 'आयटीआय केलं' हे आज हळू आवाजात सांगितले जाते, ही गोष्ट खुपते. आपली मंडळे गणेशोत्सवात नव्वद टक्केवाल्यांचा सत्कार करतात, नारळ आणि पेन देतात. ते चालू द्यावे. पण श्रावणातल्या दोन रविवारी मंडळाच्या खोलीत एक संगणक, एक प्रिंटर आणि पोर्टल चालवता येणारी दोन माणसे बसवली, तर सकाळच्या चार तासांत वीस-पंचवीस मुलांची कागदपत्रे ताडून होतील. येताना मुलांनी दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल आणावा. मंडळांनी तारखा कळवल्या तर आपल्या पत्राने त्या चौकटीत छापाव्यात, एवढी विनंती.

आपला,
आयटीआयचा एक निवृत्त निदेशक,
दांडिया बाजार, बडोदे