वेताळाचं शेवटचं पान दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात, कॉमिक कॉन या कॉमिक्सच्या जत्रेच्या गर्दीत, बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून उभा असलेला मिरजेचा माणूस तुम्हाला आठवत असेल. तो मी. निघताना तुमच्या पाया पडलो, पण गळा असा दाटून आला होता की धड आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र. नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, तेव्हा नुसतं ताई म्हणतो.

डब्यात आमच्या घरातलं शेवटचं उरलेलं इंद्रजाल कॉमिक्स होतं. मराठी, वेताळाचं, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिलं पान नाही आणि शेवटचंही नाही. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी मुद्दाम दोन्हीकडून फाडलंय. पिनेने बांधलेल्या अंकात पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदाची दोन टोकं असतात, एक निखळलं की दुसरं जातंच, हे तुम्ही अंक उघडून दाखवलंत तेव्हा मला कळलं. चाळीस वर्षं मी कुणालातरी उगाच दोष देत होतो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मला वाचता येत नव्हतं तेव्हा तोच हा अंक वाचून दाखवायचा आणि पान नसल्यामुळे शेवट स्वतः रचायचा. कधी डेंकालीच्या बंदरात चाचे बुडायचे, कधी वेताळ जखमी होऊन कवटीच्या गुहेत परतायचा. रोज नवा शेवट. पुढे मी जमवायला लागलो तो या एका गोष्टीच्या खऱ्या शेवटासाठी. बाकीचे अंक आपसूक जमत गेले. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत किंग्ज सर्कलचा फुटपाथ, आमच्याकडचे रद्दीवाले, सगळीकडे विचारलं. पण विचारणार काय? नाव माहीत नाही, क्रमांक माहीत नाही. एकाला आतल्या पानांचे फोटो पाठवले. त्याने 'हाच अंक आहे' म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि भलत्याच गोष्टीची रंगीत झेरॉक्स पाठवली. त्यानंतर वर्षभर मी डबा उघडला नाही.

दिल्ली हाटमध्ये २०११ साली पहिलं कॉमिक कॉन भरलं तेव्हापासून बातम्या वाचत होतो. जायला इतकी वर्षं लागली. रात्रभर प्रवास करून आलो, रांगेत उभा राहिलो, मनगटाला पट्टी बांधून घेतली आणि आत जाऊन बावरलो. पुठ्ठ्याची चिलखतं घातलेली पोरं, जपानी मालिकांमधले निळे-गुलाबी केस, पुतळ्यांचे आणि टी-शर्टांचे स्टॉल. त्या पोरांचं मला मनापासून कौतुक वाटलं. एका मुलीने स्वतःचे पंख घरी शिवले होते आणि दारातून आत येताना ती ते किती जपत होती! पण जुने अंक मांडलेली टेबलं मोजकीच, त्यातही मराठी जवळजवळ नाहीच. एका टेबलावर मला सांगितलं, "मराठी कोण घेतं? इंग्रजी बघा." तुम्ही तिथेच खोका चाळत होतात. मान वर न करता म्हणालात, "मी घेते. दाखवा काय आणलंय ते."

मग आपण भिंतीशी जमिनीवर बसलो.

अंक हातात घेण्याआधी तुम्ही रुमालाने बोटं पुसलीत. तेवढ्यावरूनच मला धीर आला. पिना गंजल्या होत्या, भोवतीचा कागद तपकिरी झाला होता. तुम्ही पर्समधून बोथट चिमटा काढलात, मधलं पान उघडलंत, पिनेचे वळलेले पाय एकेक करून सरळ केलेत आणि बाहेरच्या बाजूने पीन अशी अलगद ओढलीत की कागदाचा कणही निघाला नाही. "मुंबईची हवा असो नाहीतर मिरजेची, लोखंड कागद खातं," म्हणालात. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून दिलात. चिकटपट्टी लावायची नाही, प्लॅस्टिकमध्ये घट्ट कोंबायचं नाही, डब्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची. सगळं तसंच करतोय.

आणि मग तुम्ही चित्रं बघायला लागलात. वेताळाला ली फॉकने १९३६ साली जन्म दिला एवढं मला ठाऊक होतं. पण रेषेवरून काळ ओळखता येतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आधीचा चित्रकार विल्सन मॅकॉय, त्याची साधी, जाड रेघ वेगळी आणि १९६१ पासून पुढे साय बॅरीने काढलेला पिळदार वेताळ वेगळा. "हा बॅरीचा," म्हणालात. मार्च १९६४ ते १९९० या काळात इंद्रजालचे आठशेवर अंक निघाले आणि त्यात निम्म्याहून जास्त गोष्टी वेताळाच्या. त्यातून तुम्ही सहा-सात पानं उलटून हा अंक ओळखलात! इंग्रजीत ४४३ व्या अंकानंतर सलग क्रमांक मोडून खंड-अंक अशी पद्धत सुरू झाली, त्यामुळे याद्या कशा चुकतात, तेही समजावलंत. माझ्या वहीतल्या दोन चुका तिथेच दुरुस्त झाल्या.

पण मी हे पत्र लिहितोय ते त्यानंतरच्या दहा मिनिटांसाठी. "हा माझ्याकडे आहे," असं म्हणून तुम्ही पिशवीतली फाइल काढलीत. अदलाबदलीसाठी नव्हे, कुणाला तरी दाखवायला आणलेला तुमचा स्वतःचा अंक. बटर पेपरमधला, कोरा, कोपरेसुद्धा न दुमडलेला. जमवणाऱ्यांना ठाऊक आहे, असा अंक आपण स्वतःही सहसा उघडत नाही. तुम्ही तो माझ्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "आधी वाचा. सावकाश. मी चहा घेऊन येते."

अनोळखी माणसाजवळ तो अंक ठेवून तुम्ही निघूनही गेलात, ताई.

मी शेवटचं पान वाचलं. मग पहिलं. मग पुन्हा शेवटचं. किंमत विचारावीशी वाटलीच नाही आणि तुम्ही परत आल्यावर दोन्ही पानांचे फोटो काढू दिलेत, तेही दिव्याची तिरीप पडू नये म्हणून स्वतः ओढणी आडवी धरून. तिथूनच दादाला फोन लावला. त्याला आता नीट ऐकू येत नाही, ओरडून सांगावं लागलं. शेवट मिळाला म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "थांब. सुरुवात काय होती ते आधी सांग."

तुमच्या यादीत इंद्रजालमधल्याच दुसऱ्या नायकाचा, आबिद सुरतींच्या बहादूरचा, एक मराठी अंक राहिलाय, ते मी ध्यानात ठेवलं होतं. घरी येऊन शोधला. माझ्याकडे दोन निघाले. त्यातला बरा, मुखपृष्ठासकट शाबूत असलेला, तुमच्यासाठी काढून ठेवलाय. पिना काढून दोरा घातलाय, पहिल्यांदाच केलं, जरा वाकडा आलाय. पुढच्या वेळी दादालाही घेऊन येईन. तोच देईल तुमच्या हातात.

तुमचा,
मिरजेचा डबेवाला भाऊ