अर्धा डाव झाल्यावर नियम बदलू नका : ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शबाना महमूद मॅडम,
गृहमंत्री, युनायटेड किंगडम

सप्रेम नमस्कार.

कायमच्या वास्तव्याचे नियम बदलायचा, म्हणजे त्या परवानगीसाठी इथे काढायची वर्षं वाढवायचा, जो प्रस्ताव तुम्ही २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मांडलात त्यावरचा सरकारी फॉर्म मी इंग्रजीत भरून पाठवला, पण त्यात सगळे टिक करायचे चौकोन, मनातलं लिहायचं कुठे, म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय. तुमच्यापर्यंत कुणीतरी पोचवेल, आणि नाही पोचलं तरी इथली आपली माणसं वाचतील.

मी २००६ पासून लेस्टरला राहते. २०२१ च्या जनगणनेचा दिवस मला अजून आठवतो, २१ मार्च, रविवार, लॉकडाऊन चालू होता. शेजारच्या आजींना ऑनलाइन फॉर्म जमेना म्हणून मी कुंपणाच्या अलीकडे फोन घेऊन उभी आणि त्या पलीकडे खुर्ची टाकून बसलेल्या, मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी उत्तर द्यायचं. राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न आला, पहिलाच पर्याय ब्रिटिश, मी तोच दाबायला गेले तर त्या पटकन म्हणाल्या, "नाही नाही, इंग्लिश. मी इंग्लिश आहे." मग घरात येऊन मी माझा फॉर्म भरला आणि एका सेकंदाचाही विचार न करता ब्रिटिश निवडलं. म्हणजे त्या कुंपणाच्या दोन बाजूंना मिळून ब्रिटिश मी एकटीच होते.

नंतर आकडे आले तेव्हा कळलं की इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला फक्त ब्रिटिश म्हणवणारे २०११ ला १९.१ टक्के होते ते २०२१ ला ५४.८ टक्के झाले, आणि आकडेवारी खात्यानेच सांगितलं की इंग्लंडच्या फॉर्मवर ब्रिटिश हा पर्याय सगळ्यात वर आणला, हे त्यामागचं मोठं कारण असावं. पर्याय वरखाली केला की एवढा फरक पडतो! मला यात वाईट काही वाटत नाही. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एकत्र आले तेव्हापासून ब्रिटिश हे वेगवेगळ्या लोकांवर घातलेलं एक छप्परच आहे, आजही नागरिकत्वासाठीची भाषेची अट इंग्रजीऐवजी वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक येत असेल तरी पूर्ण होते. त्या छपराखाली आम्हाला जागा मिळाली कारण ते मुळातच एकट्या कुणाचं नव्हतं.

आमच्याच शहराचं बघा. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिकडच्या पेपरात जाहिरात दिली होती की इकडे येऊ नका, जागा नाही. लोक तरीही आले, आणि आज बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी बघायला बाहेरगावाहून लोक येतात. त्या आलेल्यांना कुणी मार्क दिले नव्हते, त्यांनी दुकानं काढली, कारखान्यांत शिफ्टा केल्या, पोरं शाळेत घातली, हळूहळू शहर त्यांचं झालं.

आता जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले तिच्याबद्दल. मी दर शनिवारी इंग्रजी शिकवायला मदत करते तिथे सांगलीकडची एक बाई येते, २०२३ ला केअर व्हिसावर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायच्या कामासाठी आली, सोबत नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, भरवते, कुणाच्या चहात किती साखर ते तिला तोंडपाठ आहे. आली तेव्हा नियम पाच वर्षांचा होता, म्हणजे २०२८. तुमच्या प्रस्तावात तिच्यासारख्यांना पंधरा वर्षं, म्हणजे २०३८, तेव्हा तो मुलगा चोवीस वर्षांचा असेल. तिने हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडला होता, मला दाखवला आणि म्हणाली, "ताई, अर्धा डाव झाल्यावर नियम बदलतात व्हय? आमच्याकडं पोरं याला रडीचा डाव म्हणत्यात." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मॅडम, मी लाइफ इन द यूकेची, म्हणजे नागरिकत्वासाठी द्यावी लागते ती परीक्षा दिलीय, चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं. त्या पुस्तकातून कायद्याचं राज्य शिकले, पण रांगेत मधे न घुसणं, दिलेला शब्द पाळणं, खेळात लबाडी न करणं हे मी इथल्या माणसांकडून शिकले. २०१३ मध्ये शपथ घेतली, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही म्हणून भारतीय पासपोर्ट सोडला, तो रद्दचा शिक्का मारून परत आला, अजून कपाटात साड्यांखाली ठेवलाय. एवढं सोडलं ते या देशाच्या शब्दावर विश्वास होता म्हणून. नव्याने येणाऱ्यांसाठी नियम बदलायचा सरकारला अधिकार आहे, पण जी माणसं जुन्या नियमावर घरदार विकून आली त्यांनाही नवा नियम लागू केला तर ब्रिटिश मूल्यं म्हणून आम्ही शनिवारी वर्गात शिकवायचं काय?

एकोप्याचा प्रश्नच नाही असं मी म्हणत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आमच्याच गावात हिंदू आणि मुसलमान पोरं रस्त्यावर उतरली, ते आठवलं की मान खाली जाते, आणि वर्षानुवर्षं इथे राहून इंग्रजी न शिकलेली माणसंही मला माहीत आहेत. पण मोठ्यांच्या इंग्रजी वर्गांचा पैसा २०१० नंतर सरकारनेच कापला ना. आणि समाजसेवा केली तर वर्षं कमी करू, ही तुमच्या प्रस्तावातली कल्पना तर मला अजिबात पटत नाही. लॉकडाऊनमध्ये मी आजींचं दूध आणून द्यायचे, त्याचे गुण मिळत असते तर त्यांना कधीच कळलं नसतं की मी त्यांच्यासाठी येतेय की व्हिसासाठी.

तुमचे आईवडील काश्मीरमधल्या मीरपूरकडचे, तुमचा जन्म बर्मिंगहॅमचा, त्यामुळे पाहुण्यासारखं जगणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. माझी मागणी छोटी आहे. जे आधीच इथे आहेत त्यांची पाच वर्षं पाचच राहू द्या, आणि इंग्रजीचे वर्ग परत सुरू करा, फुकट, संध्याकाळचे, शिफ्ट संपल्यावर जाता येतील असे.

उत्तर आलं तर शनिवारी तिला वाचून दाखवेन.

आपली,
लेस्टरची एक रहिवासी