अण्णांचं गिळणं थांबू न देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

घशाच्या कॅन्सरसाठी अण्णांना लाईट, म्हणजे रेडिएशनची किरणं, द्यायचं ठरलं, तेव्हा मशीनवर जाण्याआधीच तुम्ही आम्हाला बोलावून घेतलंत. अण्णा तेव्हा भाकरी खात होते, त्यामुळे हे कशाला, असं वाटलं. तुम्ही त्यांचं वजन केलंत, तोंड किती उघडतं ते मोजलंत, गळ्यावर बोटं ठेवून पाण्याचा घोट गिळायला लावलंत. पुढचे सहा-सात आठवडे कसे जाणार तेही स्पष्ट सांगितलंत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटेल, चव जाईल, लाळ चिकट होऊन आटेल. अगदी तसंच झालं, पण आधी ठाऊक असल्यामुळे आमचा धीर सुटला नाही.

आमच्याकडे आजारी माणसाला पातळ पेज देतात. त्याने पोट भरतं, ताकद येत नाही, हे तुम्ही वही काढून समजावलंत. किलोमागे साधारण 30 कॅलरी आणि 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 1800 कॅलरी आणि निदान 72 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरलं की किरणं देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो मास्क सैल होतो आणि किरणांचं नियोजन पुन्हा करावं लागू शकतं, हेही तेव्हाच कळलं. महागड्या डब्याची पावडर आम्हाला परवडणारी नव्हती. ते तुम्ही न विचारताच ओळखलंत आणि नाचणीच्या खिरीत दूध पावडर, मऊ भातात तूप आणि अंडं, डाळीचं घट्ट वरण असं घरातलंच लिहून दिलंत. तिखट, आंबट बंद. जेवणाआधी आणि नंतर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

तरी एक दिवस नाकातून नळी घालावीच लागली. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले. आता घशाला आराम द्यावा, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही मात्र ठाम होतात. पोट नळीने भरेल, पण गिळणं बंद पडू द्यायचं नाही, वापरले नाहीत तर घशाचे स्नायू आखडतात. श्वास घ्या, रोखून धरा, गिळा, लगेच खोका, पुन्हा गिळा. चमचाभर पाण्यावर तुम्ही हे त्यांच्याकडून करून घ्यायचात. ते चिडायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण तुमचा आवाज कधी चढला नाही. ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून जेवणानंतर आवाज ओला, घोगरा येतो का, ताप येतो का, याकडे लक्ष ठेवायला मला शिकवलंत. नळीतून द्यायचं ते गाळून, बसवूनच द्यायचं, मग नळीत पाणी सोडायचं आणि अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही.

डॉक्टरांनी कॅन्सरवर उपचार केले, त्यांचे उपकार आहेतच. पण अण्णा आज आमच्या पंगतीला बसतात ते तुमच्यामुळे. तोंड अजून कोरडं पडतं, घासागणिक पाणी लागतं, जेवायला आमच्या दुप्पट वेळ लागतो. लाईट संपल्यावरही घसा आणि जबडा हळूहळू आखडत जातो, हे तुमचं सांगणं लक्षात आहे. त्यामुळे दातांमध्ये आईस्क्रीमच्या काड्या धरून तोंड उघडायचा व्यायाम ते रोज करतात, सांगावं लागत नाही.

पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा नवीन नळी बसलेल्या पेशंटच्या घरच्यांना काही दाखवायचं असेल, तर मला हाक मारा. मी थांबेन.

तुमची,
अण्णांची मुलगी