‘कुठवर आलंय?’ असं विचारणारा एक जण हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तासगावच्या एका वाचक भगिनींचं पत्र आपल्या अंकात वाचलं. कादंबरीची दीडशे पानं लिहून झाली, पण आठ महिने वही उघडवत नाही, असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यावर दोन पत्रं आली. एकात पहाटे चारला उठायचा सल्ला, दुसऱ्यात ‘ध्येय डोळ्यांसमोर ठेवा’. या दोघांनीही पुस्तक लिहिलेलं नसावं, अशी मला दाट शंका आहे. तसं मीही अजून पुरतं लिहिलेलं नाही. पण सात वर्षं एकाच हस्तलिखिताला चिकटून आहे, मध्ये दोनदा ते सोडलं आणि दोनदा परत धरलं. तेवढ्या अधिकारानं लिहितो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात 41 वर्षं दिवाणजी होतो. हिशेबपट्ट्या, रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही) यांपलीकडे काही लिहिण्याची माझ्यावर कधी वेळ आली नाही. पुस्तक आहे हरिपूरच्या पेवांवर. तरुण वाचकांना पेव ठाऊक नसेल. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल कोठारं खणलेली होती. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत पोट मोठं. त्यात हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करून टाकायचं. वर्षं उलटली तरी हळदीला कीड लागत नसे. पोती बाहेर काढायची वेळ आली की माणसं आत उतरत. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, माल सडला, आणि मग व्यापारी गोदामांकडे वळले ते वळलेच.

2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘ही याच मुलखाची’ अशी सरकारी मोहोर मिळाली. आम्ही पेढे वाटले. पण पेवात उतरणाऱ्या माणसांचं नाव त्या दिवशी माझ्या कानावर कुणाच्याच तोंडून आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही तोंडून निघालं नाही. रात्री झोपताना त्याचा राग आला. त्या वर्षीच्या दिवाळीत पाडव्याला, वहीपूजनाच्या दिवशी, मी नवी वही घातली.

रागावर साठ पानं झाली. पुढं राग ओसरला आणि लेखणी अडली. तासगावच्या भगिनींना मी पहिल्यांदा हेच सांगेन, की सुरुवातीचा जोर हा असा उसना असतो. माझा रागाचा होता, तुमचा आणखी कशाचा असेल. तो संपला म्हणजे आपल्यात काही खोट आहे असं समजू नका.

कसाबसा चौथ्या वहीपर्यंत आलो आणि ऑगस्ट 2019 चा पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला बुडाला आणि चारपैकी दोन वह्या खालच्याच कपाटात होत्या. मी शाईच्या पेनानं लिहीत असे. पाणी उतरल्यावर हातात आली ती निळसर रंगाची एक वीट, पान पानापासून सुटेना. त्याच पुरात आमच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. ते बघून घरी आल्यावर आपल्या दोन वह्यांचं रडगाणं कुणापुढं गायचीही लाज वाटू लागली. वरच्या मजल्यावर वाचलेल्या दोन वह्या मी फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या. दीड वर्ष तिकडं फिरकलो नाही.

पुन्हा सुरुवात झाली ती हरिपूरच्या आबांमुळं. नाव छापत नाही, सगळा गाव त्यांना आबाच म्हणतो. ते पेवात उतरणाऱ्यांपैकी. आता ऐंशीच्या पुढं आहेत, नजर गेली आहे, कान मात्र तिखट. एकदा तिथल्या संगमेश्वराच्या देवळात गेलो होतो, परतताना त्यांच्या ओट्यावर टेकलो. आवाजावरनं त्यांनी ओळखलं.

“काय ओ दिवाणजी, कुठवर आलंय तुमचं पुस्तक?”

चाललंय, असं खोटंच सांगितलं.

“मग आणा की. वाचून दावा.”

शेवटी कबूल केलं की दीड वर्षात वही उघडलेली नाही आणि आता उघडायचा धीर होत नाही. आबा थोडं थांबून म्हणाले, “पेव उघडल्या उघडल्या कोण उतरतंय व्हय? उघडायचं, वारं लागू द्यायचं. मग दिवा सोडून बघायचा. इझला तर थांबायचं. न्हाई इझला तर उतरायचं.”

बंद पेवात वाईट हवा साचते. घाईनं उतरलेला माणूस गुदमरून जायचा, म्हणून तोंड उघडून बराच वेळ थांबायची रीत होती. आबा हे माझ्या वहीबद्दल बोलले की नुसतंच पेवाबद्दल, मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांना विचारलं तर ते हसतात. मी मात्र घरी येऊन तसंच केलं. दोन्ही वह्या माळ्यावरून काढल्या आणि तीन दिवस टेबलावर नुसत्या उघड्या ठेवल्या. येता-जाता नजर पडायची. चौथ्या दिवशी हातात पेन न घेता एक पान वाचलं. वाईट नव्हतं. शनिवारी तेच पान घेऊन हरिपूरला गेलो.

तेव्हापासून शनिवार चुकलेला नाही, एका टाळेबंदीचे आणि 2021 च्या पुराचे शनिवार सोडले तर. सायंकाळी पाचला मी वाचतो, आबा ऐकतात. त्यांना भाषेचं काही पडलेलं नाही. पेवातल्या अंधाराचं वर्णन मी दोन पानं केलं होतं. ‘गर्द’, ‘निःशब्द’ असं बरंच काही घातलं होतं, मला त्याचा अभिमानही होता. ते म्हणाले, “अंधाराचं काय घिऊन बसलाय? अंधार समद्यांच्याच घरात असतोय. घाम लिवा. आत भट्टीवानी ऊब असती, हळद अंगाला चिकटती, तीन दिस कापडं पिवळी.” दोन पानांच्या आठ ओळी झाल्या. ज्या पानावर ते “म्होरं?” असं विचारत नाहीत, त्या पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं फुली मारतो. असं संपादन पैसे देऊन मिळत नाही.

आता रोजमेळाचं. दुकानात आमचा नियम होता की दिवसभरात एकही व्यवहार झाला नाही तरी रोजमेळात तारीख घालायची, शिल्लक पुढं ओढायची आणि मगच दिवा मालवायचा. कोरी तारीख चालेल, गाळलेली तारीख चालणार नाही. हस्तलिखितासाठी मी तशीच एक लाल कापडी बांधणीची चोपडी केली. डावीकडं जमा, म्हणजे लिहिलेल्या ओळी. उजवीकडं नावे, म्हणजे खर्चाची बाजू, तिथं खोडलेल्या ओळी. दुपारी साडेतीन ते साडेचार ही माझी वेळ. ओळी किती व्हाव्यात याचं बंधन नाही. रोज हजार शब्द लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार, माझ्याच्यानं ते होत नाही. माझ्या चोपडीत ‘जमा 0’ असे कितीतरी दिवस आहेत. पण तारीख आहे. आठ दिवस ओळीनं शून्य दिसलं की नवव्या दिवशी हिशेबनिसाचा हात आपोआप शिवशिवतो.

मात्र या चोपडीनंच मला एकदा जवळजवळ बुडवलं. पहिला खर्डा 412 पानांचा झाला आणि कापाकापी सुरू झाली. रोज नावे बाजू फुगायची, शिल्लक घटायची. दीड महिना सगळा तोट्याचा धंदा! पुन्हा वही बांधून ठेवायच्या बेतात आलो होतो. मग एका दुपारी लक्षात आलं की खतावणीच चुकीची घातली आहे. खोडलेली ओळ हेही त्या दिवशीचं कामच, ती नावे कशी पडेल? त्या दिवसापासून खोडलेल्या ओळीही जमेला धरतो. पुस्तक 230 पानांवर आलं आहे आणि चोपडीत शिल्लक भरभक्कम आहे. हसू येईल कुणाला, पण 41 वर्षं आकडे लिहिलेल्या माणसाचं मन आकड्यावरच हलतं.

(इथं खरं तर हळदीची उपमा द्यायची होती. पाच किलो ओली हळद शिजवून वाळवली की एक किलोच्या आसपास हातात येते आणि पॉलिशला आणखी घट पडते, तेव्हा कुठं भाव येतो, वगैरे. पण प्रत्येक गोष्टीला हळदीची उपमा द्यायची नाही, अशी सूनबाईंची सक्त ताकीद आहे.)

सूनबाई शाळेत मराठी शिकवतात आणि माझं लिखाण संगणकावर चढवतात. एके दिवशी चहा देताना म्हणाल्या, “बाबा, ‘वास्तविक पाहता’ तुमच्या पुस्तकात 114 वेळा आलंय.” मशीननं मोजून दाखवलं. आता तीन ठिकाणी उरलं आहे आणि तिन्ही ठिकाणी खरोखर हवं आहे. शुद्धलेखनाचं आमचं भांडण वेगळंच. मी प्राथमिक शाळेत असताना 1962 साली साहित्य महामंडळाचे नियम आले, गुरुजींनी शिकवलेले निम्मे अनुस्वार गुरुजींनीच पुसायला लावले, आणि 1972 मध्ये आणखी चार नियम वाढले. माझं लेखन या सगळ्याच्या मध्ये कुठंतरी लोंबकळत राहिलं. एक अख्खा पावसाळा मी ऱ्हस्व-दीर्घ तपासत घालवला आणि दिवाळीला त्यातली साठ पानं कापून टाकली. म्हणजे जी पानं राहणारच नव्हती त्यांची वेलांटी नीट करत बसलो! तेव्हा अनुभवाचे बोल म्हणून सांगतो: पहिल्या वाचनात फक्त तपशील बघा, म्हणजे सालं, वजनं, कोण कुठं होतं. मग कापा. वेलांट्या सगळ्यात शेवटी. आणि पडद्यावर वाचू नका, मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि तोंडानं वाचा. जीभ जिथं अडखळते तिथं वाक्य वाकडं असतं.

घरच्यांना मात्र वाचून दाखवू नका. घरचे एक तर कौतुक करतात नाही तर जांभई देतात, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच. (सूनबाई अपवाद. हे वाक्यही त्याच टाइप करणार आहेत.)

एका प्रकाशकांकडं हस्तलिखित पाठवलं होतं. न वाचताच उत्तर आलं: 75 हजार भरा, तीनशे प्रती घ्या. दोन महिने रुसून बसलो, चोपडीत तेवढी शून्यं आहेत. नंतर कळलं की नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ अनुदान देतं. बहात्तराव्या वर्षी नवलेखक! अर्ज आणून ठेवला आहे.

आपल्या दैनिकाबद्दलही एक तक्रार आहे. पुस्तक प्रकाशनाचे फोटो आपण रोज छापता. शाल, श्रीफळ, पाच जणांनी छातीशी धरलेलं पुस्तक. बघणाऱ्याला वाटतं पुस्तकं अशीच, शालीतून बाहेर पडतात. महिन्यातून एकदा चार बोटं जागा द्या, अर्धवट राहिलेल्या हस्तलिखितांना. कोण कशावर लिहितंय, कुठं अडलंय, एवढंच. सांगली-मिरजेत, तासगाव-विट्यात अशा बांधून ठेवलेल्या वह्या किती घरांत असतील! आणि त्यांना विचारणारं कुणी नाही. माझं नशीब की मला आबा विचारतात. तासगावच्या भगिनींनी असं एखादं माणूस शोधावं. त्याला साहित्य कळलंच पाहिजे असं नाही. पुढं काय झालं हे त्याला खरोखर हवं असलं पाहिजे आणि ठरलेल्या दिवशी ते ओट्यावर बसलेलं पाहिजे.

एक गोष्ट सूनबाईंनाही सांगितलेली नाही, ती त्यांना हे टाइप करताना कळेल. शेवटचं प्रकरण पाडव्यापासून मी मुद्दाम लांबवतो आहे. ते संपलं की शनिवारी हरिपूरला काय घेऊन जायचं? आबांना संशय आला आहे. परवा म्हणाले, “दिवाणजी, ह्यो म्हैना कणी-कणीच आनताय तुम्ही. पोतं कुठं दडवलंय?”

तेव्हा आता उरकतोच. मात्र त्या प्रकरणात एक जागा रिकामी आहे. भरलेल्या पेवाचं तोंड बंद करतानाचं, 2005 च्या आधीचं एकही छायाचित्र मला मिळालेलं नाही. यार्डातल्या जुन्या पेढ्यांकडं, हरिपूरच्या घरांत, कुणाच्या अल्बममध्ये असेल तर कृपया आपल्या कार्यालयात द्यावं, मूळ प्रत मी स्वतः परत पोचवीन. आबांना ते दिसणार नाही. पण फोटोत कोण कुठं उभं आहे, कुणाच्या डोक्याला काय गुंडाळलंय, हे मी सांगितलं की ते नावं सांगतील. म्हणून शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
गावभाग, सांगली
(नाव छापू नये ही विनंती)